मासिरोचे चौतीस शब्द

सोमवार, ९ जानेवारी १९८४. शिकागो

नोकरी मिळाली. नोकरी म्हणजे काय, टायपिंग. आठवड्याचे चार दिवस, दहा ते तीन, मेअखेरपर्यंत. दीपा शाळेतून यायच्या आत मी घरी. युनिव्हर्सिटीच्या भाषाशास्त्र विभागात तळघरातली एक खोली आहे, वरून हीटिंगचे पाइप जातात, त्यामुळे बाहेर शून्याखाली असलं तरी आत स्वेटर काढून बसावं लागतं. प्रोफेसर लुंडग्रेन बहात्तर वर्षांचे. रिटायर झालेत, पण खोली ठेवलीय. उंच, खांद्यात वाकलेले, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघतात.

"कार्डांचं काम कधी केलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, टायपिंगचा कोर्स केलाय.

डेक्कन कॉलेजचं का नाही सांगितलं कोण जाणे. सतरा वर्षं झाली. सांगून तरी काय करायचं.

चारुदत्त जेवताना म्हणाला, "किती दिवसांचं आहे?" मे, म्हटलं. त्याने भात वाढून घेतला. त्याला आवडलेलं दिसत नाही.

गुरुवार, १२ जानेवारी

काम असं आहे. १९५९ साली प्रोफेसर आणि त्यांची बायको न्यू गिनीत एका नदीकाठी वर्षभर राहिले. येवा नदी. तिथे तीन भाषा: ओराबी, तेमुक आणि मासिरो. ओराबी आणि तेमुक बोलणारे काही हजार, मासिरोचं मात्र एकच गाव. या तिन्ही एका आईच्या लेकी आहेत, जगात त्यांचं दुसरं कोणी नाही, असं प्रोफेसरांनी मांडलं आणि त्याला ‘येवा कुल’ असं नाव दिलं. आता त्या भागातल्या भाषांचा मोठा ग्रंथ निघतोय. त्यातलं येवा कुलाचं प्रकरण त्यांचं. मेमध्ये त्यावर व्याख्यान, मग छपाई. मी शब्दांची कार्डं नव्याने टाइप करायची.

कार्डं बुटांच्या खोक्यांत आहेत! पहिलं झाकण उघडलं आणि जुन्या कागदाचा तो वास आला. आमचीही बाटाच्या खोक्यांतच असायची. १९६६, भंडारा जिल्ह्यातली बोलींची पाहणी. मी, शोभा आणि एक जीप. कुठल्याशा ओसरीवर बसायचं, समोर एखादी आजीबाई, आणि विचारायचं, आजी, तुम्ही याला काय म्हणता? आजी आधी लाजायची. मग सांगायला लागली की थांबायची नाही. संध्याकाळी शाळेच्या खोलीत बसून कार्डं लावायची, हाताला निळी शाई, आणि शोभा एकेक शब्द त्या आजीच्या आवाजात म्हणून दाखवायची.

असो. आज एकशे दहा कार्डं झाली.

मंगळवार, २४ जानेवारी

पकडले गेले.

टाइपरायटरवर जी चिन्हं नाहीत, तिथे जागा सोडायची असं ठरलं होतं, प्रोफेसर नंतर हाताने भरणार. माझ्याकडून ती नकळत भरली गेली. घशात अडकणारा आवाज, नाकातला आवाज, सगळी चिन्हं पेनाने काढून ठेवली. त्यांनी कार्डं चाळली, एक बाजूला काढलं.

"इथे मी ‘ग’ लिहिला होता. तुम्ही नाकातला आवाज केलात."

"सॉरी. पण बाकी सगळ्या कार्डांवर तो शब्द तसाच आहे. मला वाटलं, इथे घाईत राहिलं."

"राहिलंच," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "सुनेत्रा, तुम्ही कुठे शिकलात?"

सांगितलं. भंडारा, जीप, शोभा, सगळं. दीड तास गेला. टायपिंग काही झालं नाही.

त्यांनीही एक पत्र दाखवलं. ऑस्ट्रेलियातला एक तरुण संशोधक दोन वर्षांपूर्वी मासिरोच्या गावी जाऊन आला. त्याचं म्हणणं, तिथे आता सगळे ओराबीच बोलतात, मासिरो बोलणारं कोणी सापडलं नाही. आणि प्रोफेसरांची मासिरोची यादी बघितली तर तीही जवळजवळ ओराबीच वाटते. मग मासिरो नावाची निराळी भाषा होती कशावरून?

"बहिणी असतील तर सारख्याच दिसणार," प्रोफेसर म्हणाले. पत्राची घडी मात्र त्यांना नीट घालता येईना.

शनिवार, ४ फेब्रुवारी

डेव्हनला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, भाजी आणायला गेलो. चारू गाडी पार्क करायला जागा शोधत फिरत बसला, मी आणि दीपा दुकानात. एक नवीन आलेली बाई दुकानदाराला म्हणत होती, "भैया, सांबार है क्या?" त्याने मसाल्याचं पाकीट पुढे केलं. ती म्हणे, नाही नाही, हिरवा सांबार. मी कोथिंबिरीची जुडी उचलून तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे असं बघितलं!

"तुम्ही नागपूरच्या?"

"वर्ध्याची," मी म्हटलं.

पुण्यात शिकताना हॉस्टेलवर, स्वयंपाकाचा संबंध नाही; लग्न होऊन तिथल्याच सासरी आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी सासूबाईंना विचारलं होतं, वरणात सांबार घालू का? सगळं घर हसलं. नणंद तर पोट धरून. वाईट कोणीच नव्हते, पण महिनाभर येईल त्याला सांगत होते. त्यानंतर मी कोथिंबीर म्हणायला लागले. आलूचे बटाटे झाले, फल्लीच्या शेंगा झाल्या. सवय होते माणसाला. आता काही वाटत नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

ग्रंथाच्या संपादकांचं पत्र आलं. मासिरोची यादी मूळ ध्वनिफितींवरून तपासून द्या, नाहीतर ती भाषा ‘शंकास्पद’ म्हणून छापावी लागेल.

फिती कपाटात आहेत, अकरा स्पूल. प्रोफेसरांनी किल्ली दिली आणि स्वतः दारापाशीच उभे राहिले.

"तुम्ही ऐका. मला जमणार नाही."

कान कमजोर झाले असावेत त्यांचे. म्हणूनच ओठांकडे बघतात. त्यांची बायको रूथ तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून या फिती कोणी लावलेल्याच नाहीत. मशीनचाही पट्टा तुटलाय. मी म्हटलं, घरी नेते, मिस्टर बघतील.

सोमवार, २० फेब्रुवारी

कालचा सगळा रविवार चारूने त्या मशीनवर घातला. विवेककडे जेवायला जायचं होतं, तेही कॅन्सल केलं. असल्या जुन्या मशीनचा पट्टा कुठे मिळतो, मग व्हॅक्यूम क्लीनरचा कापून बसवला, सहा वेळा काढला, सहा वेळा घातला. वर माझ्यावरच चिडचिड: "स्पीड जरा जरी चुकला तर तुला ‘ए’ आणि ‘ऐ’ कळणार नाही, थांब जरा." याला काहीतरी खोलून बसायला निमित्त हवं असतं, दुसरं काय.

चालू झालं. पुन्हा तळघरात नेऊन काय करायचं, इथेच ठेव म्हणाला. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल लावून दिलं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

मासिरोची फीत, स्पूल सात. आधी एका बाईंचा आवाज येतो, स्वच्छ, थोडा हसरा: "एक्केचाळीस. पाणी." या रूथ. मग तरुण प्रोफेसर तिकडच्या बाजारी भाषेत प्रश्न विचारतात, आणि एक बाई उत्तर देते. इवारे तिचं नाव. गावात ती बाजारी भाषा येणारी ती एकटीच, म्हणून तिला बसवलं होतं. मागे कोंबड्या, पाऊस, पोरं.

"उवे," इवारे म्हणते. कार्डावरही ‘उवे’ आहे. बरोबर.

पण त्यानंतर पोरं हसतात. आणि मागून एक म्हातारा आवाज येतो: "सिब."

बेचाळीस, आग. इवारे सांगते, पोरं हसतात, मागून म्हातारा आवाज. त्रेचाळीस, तसंच. पुढे मात्र प्रत्येक वेळी नाही. पाच-सहा शब्दांनंतर एकदा. प्रोफेसरांच्या वहीत समासात लिहिलंय: ‘गोंगाट’.

मी फीत मागे नेऊन तेवढंच पुन्हा लावत बसले. भात लागला खाली.

शनिवार, ३ मार्च

दीपाला बोलावून ऐकवलं. तिला काहीच सांगितलं नाही, नुसतं ऐक म्हटलं.

"दे आर लाफिंग ॲट हर," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मॉम. आय नो दॅट लाफ. मी मंडळात मराठी बोलले की प्रसन्न आणि ते सगळे असंच करतात." मग म्हणाली, "आणि ती आजी करेक्ट करतेय तिला. एव्हरी टाइम."

ती गेली आणि मी तशीच बसून. खोलीत नुसता पंख्यासारखा आवाज त्या मशीनचा, आणि मी ऐकून राहिले, ऐकून राहिले. इवारे त्या गावची नव्हतीच. लग्न होऊन आलेली होती. पलीकडच्या ओराबी गावातून; ओराबीच्या कार्डांवरही पाणी ‘उवे’च आहे. पोरं तिच्या माहेरच्या शब्दांना हसत होती आणि म्हातारी, सासूच असणार, खरा शब्द सांगत होती. पाणी म्हणजे सिब. ‘आम्ही’ म्हणजे नेम नाही, काईर. कुऱ्हाड, मीठ असले शब्द कुठूनही येतात. पण पाणी, आई, मी, आम्ही हे सहसा कोणी उसने घेत नाही. याच शब्दांवर प्रोफेसरांनी मासिरोला येवा कुलात बसवलंय. आणि ते शब्द मासिरो नाहीतच.

स्पूल संपत आल्यावर रूथचा आवाज. प्रश्न नाही, नंबर नाही. "कार्ल, त्या आजी काहीतरी वेगळं सांगतायत."

"नंतर, रूथ. फीत संपेल."

बस. फीत संपली.

मंगळवार, १३ मार्च

अजून सांगितलेलं नाही. दहा दिवस झाले. रोज जाते, कार्डं करते, ते विचारतात फिती कुठवर आल्या, मी म्हणते चालू आहे.

काय सांगू? तुमचं पंचवीस वर्षांचं काम चुकलं? हे एक वेळ सांगता येईल. पण तुमच्या बायकोला तेव्हाच कळलं होतं, आणि तुम्ही तिला ‘नंतर’ म्हणालात, आणि आता ती नाही, हे कसं सांगायचं?

मी कोण, टायपिस्ट. यादी बरोबर आहे असं लिहून दिलं तर कोणाला कळणार आहे? मासिरो बोलणारं कोणी उरलेलं नाही. कोणाचं नुकसान?

बुधवार, २१ मार्च

आज चारूला सांगितलं, सगळं. भांडी पुसत होता. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती आजी. तिचं दुसरं कुठे काही रेकॉर्डिंग आहे?"

"नाही."

"म्हणजे मासिरो काय ती तेवढीच आहे. त्या मागच्या आवाजात."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसती प्रोफेसरांचं काय जाणार एवढंच मोजत बसले होते.

"भंडाऱ्याच्या त्या बाईंना तू परत जाऊन विचारलं होतंस ना, एका शब्दासाठी? बावीस मैल?"

बावीस नाही, चौदा. पण याला कसं माहीत? लग्नाआधी एकदाच पत्रात लिहिलं होतं मी. लक्षात ठेवतो काहीबाही.

सोमवार, २६ मार्च

सांगितलं.

मशीन गाडीत घालून चारूनेच पोचवलं. मी आधी शब्द सांगितले, एकेक, दोन्ही बाजूंनी.  मग मी म्हटलं, "स्पूलच्या शेवटी तुमच्या मिसेस काहीतरी म्हणतायत. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्यांनी स्वतः बटण दाबलं.

रूथचा आवाज आला आणि त्यांनी डोळे मिटले. ओठांकडे बघायला कोणी नव्हतंच, आणि तरी शब्दन् शब्द त्यांना ऐकू येत होता, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. फीत संपून नुसती फटफट फिरत राहिली. मी बंद केली.

"इवारे तिथे पंधरा वर्षं होती," ते म्हणाले. "मी धरून चाललो की ती तिथलंच सांगणार."

"तुम्ही विचारलंत, ‘तुम्ही याला काय म्हणता?’" मी म्हटलं. "तिला पंधरा वर्षांत कोणी असं विचारलं नसेल. तिने तिचं सांगितलं."

 त्यांनी कोट घातला, मशीन आणि सातवा स्पूल उचलला आणि निघून गेले. बर्फाच्या चिखलातून ते जड मशीन घेऊन जाताना खिडकीतून फक्त त्यांचे बूट दिसत होते.

सोमवार, २ एप्रिल

आठवडा झाला, आले नाहीत. फोन उचलत नाहीत. विभागाची सेक्रेटरी म्हणे, सुटी कळवलीय, कारण नाही.

मी हे काय करून ठेवलं? त्यांनी फीत पुसून टाकली तर? रागाच्या भरात माणूस काहीही करतो. जगात ती भाषा तेवढीच आहे आणि मी ती हातात देऊन बसले. एक कॉपी करून ठेवायचं सुचलं नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

आले! दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि कागदांचा हा गठ्ठा. बसायच्या आत म्हणाले, "तुम्हाला किती सापडले?"

"सत्तावीस."

"मला एकतीस. मागच्या आवाजाचे."

दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांचे पाच मला ऐकू आले नव्हते, माझा एक त्यांना.

"बत्तीस," मी म्हटलं.

"नऊ दिवस मी रूथबरोबर होतो," ते म्हणाले. "आधी तीन दिवस नुसता तिचाच आवाज ऐकला. मग एका ठिकाणी ती म्हणते, ‘कार्ल, कोंबडीला हाकल ना.’ तेव्हा मला कळलं, ती मागचं सगळं ऐकत असायची. मग मीही मागचं ऐकायला लागलो."

दुपारपर्यंत आणखी दोन सापडले. एकूण चौतीस. तीनची बस चुकली, चारचीही. दीपा किल्लीने घरात गेली असेल, असा विचार आला आणि गेला.

शुक्रवार, ११ मे

व्याख्यान झालं. पन्नासेक माणसं होती. प्रोफेसर कागद न बघता बोलले.

"येवा कुल तीन भाषांचं आहे असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. ते दोन भाषांचं आहे. ओराबी आणि तेमुक. मासिरो त्यांची बहीण नाही, शेजारीण आहे. तिच्या नात्याचं कोणी मला माहीत नाही. तिचे आपल्याकडे चौतीस शब्द आहेत, आणि ते सांगणाऱ्या बाईंना मी प्रश्न विचारला नव्हता. त्या आपणहून सांगत होत्या. १९५९ साली हे रूथ लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं, आणि १९८४ साली सुनेत्रा आगाशे यांच्या. माझ्या आलं नाही."

सगळे वळून बघायला लागले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. वळले तर मागच्या रांगेत चारू आणि दीपा! ऑफिसमधून अर्धा दिवस काढून, दीपाला शाळेतून उचलून आला होता. मला एका शब्दाने बोलला नव्हता. आज कार सर्व्हिसिंगला टाकायची होती, ते राहिलं म्हणाला.

एकाने विचारलं, त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव काय? प्रोफेसर म्हणाले, "मी विचारलं नाही." आणि पाणी प्यायले.

शुक्रवार, १ जून

काम संपलं. खोकी कपाटात लावली. ऑस्ट्रेलियातल्या त्या तरुणाचं पत्र आलं होतं, अगदी साधं, चांगलं. तो जुलैत परत येवाकाठी जातोय. फितीची कॉपी पाठवाल का, गावात लावून बघतो. पाठवली.

घरी बसून दोन तास कपडे इस्त्री केले. सगळं उरकलं तरी अकराच वाजले होते.

बुधवार, १९ सप्टेंबर

प्रोफेसरांचा फोन आला, लगेच या. गेले.

सात पानी पत्र होतं. त्या तरुणाने गावात फीत लावली. तरुण मंडळी थोडा वेळ ऐकून उठून गेली. एक म्हातारा मात्र बसून राहिला. त्याने आधीच्या वेळी त्या तरुणाला सांगितलं होतं की मला मासिरो येत नाही. फितीतून मागचा आवाज आला आणि तो उठून मशीनपाशी गेला. म्हणाला, ही माझी आत्या. तुमारे. मग फितीतली तुमारे एक शब्द म्हणायची आणि हा तिच्यापुढचा म्हणायचा. त्या दिवशी त्याने साठ शब्द सांगितले, दुसऱ्या दिवशी शंभरेक. त्याला मासिरोत कोणी विचारलंच नव्हतं, तो म्हणाला. विचारलं ते बाजारी भाषेत, मग त्यातच उत्तर दिलं.

आणि आम्ही जो शेवटचा, चौतिसावा शब्द धरला होता, ‘लांब’साठी, तो शब्दच नव्हता. ते आख्खं वाक्य होतं. तुमारे म्हणत होती, "तिला काय विचारताय, मी इथे बसलेय ना."

प्रोफेसर आधी हसले, मग चष्मा काढून पुसत राहिले. मला मात्र रडूच आलं, आणि त्यांच्यासमोर रडले याची लाजही वाटली नाही.

"म्हणजे तेहतीस," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"तेहतीस आणि एक वाक्य."

मग त्यांनी विचारलं. नवी मासिरोची फीत तो तरुण डिसेंबरात पाठवणार आहे, ती लिहून काढायला कोणीतरी हवं. टायपिस्ट नको. त्यांचे कान आता खरंच साथ देत नाहीत. दोन वर्षं तरी लागतील, कदाचित तीन.

मी हो म्हटलं. घरी विचारून सांगते असं म्हणायचं राहूनच गेलं, आणि हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

घरी येऊन चारूला सांगितलं. तो म्हणाला, "तीन वर्षं? बरं," आणि ताटं घ्यायला उठला. दीपाने टीव्ही बंद केला आणि पत्र पहिल्यापासून वाचून दाखव म्हणाली, म्हणून जेवण थंड होईपर्यंत तेच वाचत बसलो.